सुमीच्या बाजूची भिंत

११ नोव्हेंबर १९५७, सोमवार. पिंपरी.

शाळेच्या बोर्डिंगात दुपारच्या जेवणानंतर एक तास पलंगावर पडून राहावं लागे. माझा आणि माझ्या बहिणीचा, सुमीचा पलंग शेजारी शेजारी, मधे एक पातळ लाकडी फळी. ती पलीकडून दोनदा टिचकी मारी, म्हणजे "जागी आहेस?" मी एकदा मारी, म्हणजे "हो." सिस्टर बेनेडिक्टा जपमाळ खुळखुळवत यायच्या, प्रत्येक पडद्याशी थांबून हळू आवाजात विचारायच्या, "आत कोण?" आपलं नाव सांगितलं की पुढे जायच्या. सुमी पुष्कळदा पडद्याआड नसेच. मागच्या कुंपणाशी विलायती चिंचा वेचायला पळालेली असे. मग मी माझं नाव सांगून झाल्यावर फळीला तोंड लावायची आणि तिच्या बारीक आवाजात म्हणायची, "सुमन." चार वर्षांत एकदाही पकडले गेले नाही. सुमी परत आली की मला मूठभर चिंचा मिळत आणि वर वचन मिळे, की एकदा तू पळ, मी तुझ्या जागी 'कुसुम' म्हणेन. मी कधी पळालेच नाही, म्हणून ते वचन तसंच राहिलं.

हे सगळं आज आठवलं, कारण आज मी स्वतःच्या घरात पाऊल ठेवलं. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. आठव्या वर्षी बोर्डिंगात गेले, तिथंच शिकले, तिथंच तीस वर्षं मुलींना शिवण शिकवलं. आजवर जिथं झोपले ती जागा सिस्टरांची होती.

घर म्हणजे लढाईच्या काळातली पलटणीची बराक. तिचे सहा भाग पाडून भाड्यानं दिलेत. माझ्या वाट्याला तीस फूट लांबीची एकच खोली आली आहे. वर पन्हळी पत्रे, दोन्ही टोकांना खिडक्या. पश्चिमेच्या खिडकीतून औषधांच्या नव्या कारखान्याची चिमणी दिसते. भोंगा झाला की सायकलींचा लोंढा जातो. पूर्वेच्या खिडकीतून नुसतं माळरान आणि सकाळचं ऊन.

ते ऊन सुमीचं. तिचे दोन्ही डोळे गेले आहेत. कऱ्हाडला नवऱ्याच्या पुतण्याकडे, हिंदुरावकडे असते. हिंदुराव चांगला आहे, पण त्याची बदली बेळगावला झाली आहे आणि कऱ्हाडचं घर तो डिसेंबरअखेर सोडणार. सुमी आता माझ्याकडे येईल, कायमची. मधे भिंत घालून दोन खोल्या करायच्या, कडेला जाण्यायेण्याला दार ठेवायचं. तिच्या पलंगाला माझा पलंग लागून, मधे भिंत. अगदी पूर्वीसारखं.

शेजारच्या छबूबाई संध्याकाळी पिठलं-भाकरी घेऊन आल्या. मूळच्या मोशीच्या, नवरा कारखान्यात. एवढी मोठी खोली बघून म्हणाल्या, "एकलीला एवढी जागा? हितं तर लगीन लागंल, बाई." मी पोट धरून हसले.

१४ नोव्हेंबर, गुरुवार.

चांदभाई मिस्त्री आले. चाकणचे आहेत, साठीचे, रोज एस.टी.नं येतात. येताना पिशवीत चार कांदे आणतात, जेवणाबरोबर बुक्कीनं फोडून खातात. विटांची भिंत नको म्हणाले, खालची फरशी वजन घ्यायची नाही. त्यांच्याकडे लष्कराच्या लिलावातल्या फळ्या आहेत. लाकडाच्या नव्हेत, मधे प्लास्टर आणि दोन्ही अंगांना जाड करडा कागद. लढाईच्या वेळी इथंच साहेबाच्या हाताखाली इस्पितळाचे वॉर्ड त्यांनी अशाच फळ्यांनी पाडले होते. लाकडी चौकट उभी करायची, दोन्ही बाजूंनी फळ्या ठोकायच्या, मधे पोकळ. सांधे लुकणानं, म्हणजे प्लास्टरच्या ओल्या लगद्यानं भरायचे, त्यावर कापडाची पट्टी, मग घासून रंग दिला की सांधा कुठे होता हे बोटालासुद्धा कळत नाही.

छबूबाई फळीवर नख मारून म्हणाल्या, "ही भिंत हाय का पापड? तळून खायची का पावसाळ्यात?" चांदभाई मान वर न करता म्हणाले, तळा, पण तेल तुमचं.

१८ नोव्हेंबर, सोमवार.

चौकट उभी राहिली. फळी कापताना बघण्यासारखी असते. चांदभाई कागदावर सुरी ओढतात, मग फळी मांडीवर घेऊन एक झटका देतात, की ती बिस्किटासारखी सरळ मोडते. पांढरी भुकटी उडते. दिवसभर जिभेवर खडूची चव राहते. मला ती आवडते, जन्मभर खडूच हातात होता.

खिळे मी हातात देते. खिळ्याचं डोकं कागद न फाटता जरासं आत जायला हवं, म्हणजे खळीत लुकण बसतं. मी चार खिळे ठोकले, तीन वाकडे गेले. चांदभाई म्हणाले, बाई, सुई बरी तुमची.

हिंदुरावचं पत्र. सुमीकाकू आनंदात आहे, रोज विचारते की भिंत किती वर आली.

२१ नोव्हेंबर, गुरुवार.

आज भिंत बंद झाली. एक गंमत घडली, ती लिहून ठेवते.

शेवटची फळी सुमीच्या बाजूची होती. ती बसवण्याआधी चांदभाईंनी हात धुतले आणि मला माझ्या बाजूला उभं केलं. म्हणाले, पोकळ भिंत बंद करायची तर मिस्त्रीनं चौकटीवर तीनदा ठोकून विचारायचं, आत कोण, आणि घरच्या माणसानं सांगायचं, कुणी नाही. मग बंद. कशासाठी म्हणून मी विचारलं. त्यांनी नीट सांगितलं नाही. उस्तादांनी शिकवलं, म्हणाले. मांजर आत राहू नये म्हणून असेल.

ते पलीकडे गेले. मी फळीपाशी गाल नेऊन उभी होते. नव्या कागदाचा वास, पलीकडे त्यांच्या कमरेच्या पिशवीत खिळे खुळखुळत होते. दुपारचे दोन वाजले होते. तीन ठोके पडले आणि चांदभाई म्हणाले, "आत कोण?"

माझ्या तोंडून बारीक आवाजात निघून गेलं, "सुमन."

मी हसायलाच लागले. चांदभाई फळी खाली ठेवून माझ्या बाजूला आले आणि विचारलं, कोण सुमन? बहीण, कऱ्हाडची, म्हटलं. जिवंत आहे ना? मी म्हटलं, हे काय विचारणं. त्यांचा चेहरा उतरला होता. मी लगेच तीनदा म्हटलं, कुणी नाही, कुणी नाही, कुणी नाही. ते म्हणाले, "बाई, पहिला जबाब धरतात." आज फळी नको लावू या, चौकट उतरवू, लाकूड बदलू, आठ दिवसांनी बघू, असं काहीबाही बोलू लागले.

मला राग आला. तीस वर्षं मुलींना असल्या गोष्टींवरून रागावलेली बाई मी. वर्गातल्या आवाजात म्हटलं, चांदभाई, फळी लावा. त्यांनी लावली. जाताना चहा घेतला नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार.

चांदभाई आले नाहीत. अंगात कणकण आहे म्हणून निरोप पाठवला. सांधे मीच भरते आहे, कसे भरायचे ते त्यांनी दाखवलं होतं. पट्टीसाठी आईचं जुनं मलमलचं लुगडं काढलं. आई गेली तेव्हा आम्ही दोघींनी ते अर्धं अर्धं करून घेतलं होतं. हे माझं अर्धं. तीन बोटं रुंदीच्या पट्ट्या फाडल्या. लुकणाचा हात, त्यावर पट्टी, त्यावर दुसरा हात. तो वाळला की आणखी रुंद तिसरा हात, मग काचपेपरनं घासायचं.

खांदे भरून येतात. संध्याकाळी वेणी घालायला हात वर जात नाही. पण सुमी हात लावून बघणार, डोळ्यांनी नाही. तिच्या बोटाला सांधा लागता कामा नये.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार.

सुमीच्या बाजूचा शेवटचा सांधा परत फुटला. तिसऱ्यांदा. वरपासून खालपर्यंत केसाएवढी चीर, आणि एका ठिकाणी रुंद. गुडघे टेकून बघितलं. दहा-अकरा वर्षांची मुलगी पलंगावर बसली तर तिचं तोंड जिथं येईल, तिथं. पुन्हा भरलं.

हिंदुरावचं पत्र. सुमीकाकू गेल्या गुरुवारपासून फार झोपते. दुपारी हाक मारली तर ओ देत नाही. तळहात पांढरे दिसतात, पिठात घातल्यासारखे. धुतले तरी संध्याकाळी परत पांढरे. डॉक्टर म्हणतात, अशक्तपणा आहे.

गेल्या गुरुवारी एकवीस तारीख होती.

योगायोग असतो. मी दमले आहे, म्हणून असलं सुचतं.

२ डिसेंबर, सोमवार.

दुपारी भोंगा झाला, सायकली गेल्या, सगळं शांत झालं. मी जरा आडवी झाले होते. भिंतीवर दोन टिचक्या वाजल्या.

उंदीर असतील. फळी वाळताना आवाज करते, असंही चांदभाई म्हणाले होते.

पण हात आपोआप उठला आणि मी एकदा वाजवलं. इतक्या वर्षांची सवय. मग लगेच पलीकडच्या खोलीत जाऊन बघितलं. पूर्वेच्या खिडकीतून ऊन, रिकामा पलंग, जमिनीवर पांढऱ्या भुकटीचा थर. त्यावर फक्त माझी पावलं होती.

५ डिसेंबर, गुरुवार.

रोज दोन वाजता वाजतं. आज बोलणं ऐकू आलं. चिरेतून. सुमीचा आवाज, पण आताचा घोगरा नाही. दहाव्या वर्षीचा.

मला म्हणाली, कुशे, सिस्टर गेल्या का?

मी तोंडात पदर घालून बसले.

छबूबाईंना भिंतीला कान लावायला सांगितलं. त्यांनी लावला. म्हणाल्या, काय न्हाई बाई, नुस्तं गार लागतंय. माझ्या हाताकडे बघून म्हणाल्या, किती घासता, मानसानं जेवावं बी. सुकट टाकून वांगं केलं होतं, ते देऊन गेल्या. मी ते झाकून ठेवलं.

हिंदुरावचं पत्र संध्याकाळी आलं. काकू म्हणते, मी अरुंद जागेत आहे, कूस बदलता येत नाही. नवा चुना दिल्यासारखा वास येतो म्हणते. आमच्या घराला दहा वर्षांत चुना दिलेला नाही.

९ डिसेंबर, सोमवार.

काल चाकणला जाऊन चांदभाईंना त्यांच्या घरून आणलं. त्यांची बायको नजमुन्निसा दारात आडवी आली होती. माझ्याकडे बघून बाजूला झाली.

आज दुपारी शेवटची फळी काढली. आत काही नव्हतं. लाकडाच्या उभ्या पट्ट्या, करड्या कागदाची मागची बाजू, पोकळी चार बोटं रुंद. चांदभाईंनी जमिनीलगत कंदील धरला. तिथं मूठभर काळ्या बिया पडल्या होत्या, चकचकीत, ओल्या. विलायती चिंचेच्या. आत्ताच कुणी चोखून टाकल्यासारख्या.

ह्या माळावर विलायती चिंचेचं झाड नाही.

भिंत उघडीच ठेवून चांदभाई बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी म्हटलं, आता मोडूनच टाका सगळी. त्यांनी हातोडा घेतला आणि एक फळी फोडली. आतून कुणीतरी श्वास ओढल्यासारखा आवाज आला, दोघांनीही ऐकला. त्यांनी हातोडा खाली ठेवला.

१० डिसेंबर, मंगळवार.

सकाळी कऱ्हाडची तार आली. काल दुपारी काकूला श्वास लागला, जीव घाबरला, प्रकृती चिंताजनक.

चांदभाईंना तार वाचून दाखवली. त्यांनी फोडलेली फळी बदलली. शेवटची फळी चौकटीत उभी करून तिला चार खिळे लावले. बंद करताना आत कोण विचारलं नाही. म्हणाले, आत कोण आहे ते ठाऊक आहे. लुकण मी कालवलं. पाणी जास्त पडलं, परत कालवलं.

मग त्यांना खोदून खोदून विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं. लढाईत इस्पितळाच्या वॉर्डची अशीच भिंत बंद करताना एका शिपायानं थट्टेनं आपल्या दोस्ताचं नाव सांगितलं होतं. दोस्त चाळीस दिवस जगला. भिंत मोडायला काढली तेव्हा सगळ्यात जास्त तळमळला. उस्ताद म्हणाले होते, नाव काढता येत नाही. पण दुसऱ्या कुणी आपल्या तोंडानं आपलं नाव दिलं, तर भिंत पहिल्याला सोडते.

शिपायानं नाव दिलं का, विचारलं. चांदभाई म्हणाले, तो पळून गेला.

मी बोटांवर मोजलं. एकवीस तारखेपासून चाळीस म्हणजे डिसेंबरची अखेर.

१२ डिसेंबर, गुरुवार.

दोन दिवस विचार केला. खरं तर विचार केला नाही, नुसती बसून राहिले. फार दमले आहे. सुमीला त्या पडद्याआड मीच ठेवलं होतं, ती तिथं नसताना. चार वर्षं ठेवलं. तेव्हा खेळ होता.

मला नवरा नाही, मूल नाही. पण हे घर होतं, एक महिना. सुमी आली की सकाळी तिचे केस विंचरून द्यायचे होते. इतकंच हवं होतं.

चांदभाईंना सांगितलं. त्यांनी कानांवर हात ठेवले, मग रडले. म्हणाले, "बाई, मला नका विचारायला लावू." मी म्हटलं, फळी तुम्ही लावलीत ती माझ्या सांगण्यावरून. आता हेही माझ्या सांगण्यावरून.

दुपारी दोन वाजता त्यांनी शेवटची फळी सैल केली. तोंड दुसरीकडे फिरवून तीनदा ठोकलं.

मी म्हटलं, कुसुम. आत कुसुम आहे. सुमन चिंचा वेचायला गेली आहे.

फळी बंद झाली. चीर मी भरली. आईच्या लुगड्याची शेवटची पट्टी होती.

१७ डिसेंबर, मंगळवार.

हिंदुरावचं पत्र! काकू गुरुवारी दुपारी उठून बसली. ताकभात मागून खाल्ला. हात स्वच्छ झाले. दिवसभर बोलते, कुशीकडे कधी जायचं म्हणून मुलांना भंडावून सोडते. सव्वीस तारखेच्या गाडीनं घेऊन येतो. घर तीस तारखेला सोडायचं आहे.

मी पत्र चार वेळा वाचलं. मग पत्रावर पांढरी बोटं उमटलेली दिसली. माझी.

भिंतीवर काही वाजत नाही. सांधा फुटलेला नाही. हात फिरवला तर कळत नाही कुठे होता. सुंदर झाली आहे भिंत.

२० डिसेंबर, शुक्रवार.

स्टेशनवर जाऊन सुमीसाठी लोकर आणावी म्हणून निघाले. रुळांपर्यंत गेले आणि श्वास पुरेना. छाती दोन्हीकडून दाबल्यासारखी. मागे वळले तसा थोडा थोडा आला. घरात, भिंतीला पाठ लावल्यावर नीट आला.

त्या शिपायाच्या दोस्ताला चाळीस दिवस मिळाले. मी स्वतःच्या तोंडानं आले आहे. मला तेवढे मिळतील असं वाटत नाही.

येऊ नका म्हणून हिंदुरावला लिहायला बसले. मग कुठे जाईल ती? पत्र फाडलं.

२२ डिसेंबर, रविवार.

छबूबाई दारात उभ्या राहून हाका मारत होत्या. मी इथं खुर्चीवर बसले होते. ओ दिली. त्यांनी खोलीभर बघितलं, माझ्यावरून नजर गेली, पुढे गेली. स्वतःशीच म्हणाल्या, बाई गेल्या वाटतं कुठंतरी.

परत ओ दिली. आवाज खडूसारखा — मधेच मोडतो.

२४ डिसेंबर, मंगळवार.

शाळेत आज गोठा मांडत असतील. मेणबत्त्या. सुमीनं एकदा बाळ येशूच्या गोठ्यातलं गवत बकरीला घातलं होतं, तेही मीच केलं म्हणून सांगितलं.

हात उचलायला जड. कुशीवर होता येत नाही. पलंग रुंद आहे पण कुशीवर होता येत नाही.

२५ डिसेंबर.

लिहिताना मी माझ्या बाजूला बसते असं वाटतं. उजेड मात्र चिरेएवढाच येतो. करडा कागद दिसतो. मागच्या बाजूचा.

वही अजून हाती आहे. पेन्सिल आहे. लवकर लिहायला हवं —

एक गोष्ट आधी लक्षात आली नाही. सुमीनं मला वचन दिलं होतं. तिला कळलं तर ती — ती क्षणभरही थांबणार नाही. फळीला तोंड लावून माझ्या जागी — तिला कळता कामा नये. तिला डोळे नाहीत, वाचून दाखवणारे असतील. म्हणून —

२६ डिसेंबर.

गाडी चारला. आता दोन वाजले. भोंगा झाला.

छबूबाई, तुमच्या मालकांकडून हे वाचून घ्या, सुमीसमोर नाही.

शिवणाचं यंत्र तुम्हाला. तेल खिडकीत आहे. पायाखालचा पट्टा सैल झालाय.

पितळी डबा नि लोकरीची शाल हिंदुरावच्या मुलांना. पुस्तकं शाळेत पाठवा.

काचपेपर, सुरी, उरलेले खिळे चांदभाईंना. त्यांचा काही दोष नाही, हे त्यांना सांगा. पुन्हा सांगा. ही वही त्यांनाच, आणि त्यांनी चुलीत घालावी.

पूर्वेची खोली सुमीची. पलंग तिथंच असू द्या — नको. पलंग खिडकीशी न्या. भिंतीपासून लांब. आरसा नको, कंगवा उशाशी आहे. सकाळी कुणीतरी तिचे केस —

तिला सांगा, कुसुम सिस्टरांबरोबर लांब गेली, पत्र येईल. पत्र तुम्ही लिहा. बरी आहे म्हणून लिहा.

भिंत मोडू नका.

दुपारी वाजेल. उंदीर आहेत म्हणून सांगा. मी वाजवणार नाही असं ठरवलं आहे — पण इथं फार अरुंद आहे, आणि स्वतःला ओळखते मी, मी वाजवीन. दोनदा. छबूबाई, दोन वाजता तिला बाहेर ओट्यावर न्या, रोज, काहीही करून — भाजी निवडायला बसवा, तिला बोलायला लावा, आणि आतून कुणी विचारलं, आत कोण, तर तिला एक शब्दही बोलू —